वाऱ्याची वीज : दर आणि भरवसा यांचा मेळ



सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर, तसेच सांगली आणि धुळे जिल्ह्यांतील माळांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आपणांपैकी बहुतेकांनी पाहिल्या आहेत. त्या पाहून गाडीअड्ड्यावर हमखास दोन प्रश्न निघतात. पहिला असा, की "वारा फुकट, कोळसा नको, मग आपलं वीजबिल का उतरत नाही?" दुसरा याच्या उलट, "कधी फिरते कधी फिरत नाही, असल्या चक्कीच्या जिवावर उसाला पाणी कसं द्यायचं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोहोंचे उत्तर एकाच हिशेबात आहे, आणि तो हिशेब आपल्याला दुहेरी नात्याने लागू पडतो. आपल्या मोटारीसाठी आपण विजेचे गिऱ्हाईक आहोत, तर बगॅसवरील सहवीजनिर्मितीमुळे साखर कारखानदारी ही विजेची विक्रेतीही आहे. म्हणून हा विषय प्रत्येक सभासदाने एकदा नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

१. वीजजाळे म्हणजे यार्ड नसलेला कारखाना

कारखान्याचे गाळप कसे चालते ते आपण जाणतो. गव्हाणीत ऊस अखंड पडत राहिला पाहिजे. टोळ्यांनी कमी ऊस आणला तर 'नो केन' होऊन मिल थांबते, फार आणला तर गाड्या यार्डात उभ्या राहतात आणि ऊस वाळतो. तरी पण यार्ड आहे म्हणून चार-सहा तासांचे मागेपुढे निभावते.

वीजजाळ्याला असे यार्ड जवळजवळ नाहीच. ज्या क्षणी आपण मोटारीचे बटण दाबतो, त्याच क्षणी कोठे तरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. ही तोंडमिळवणी बरोबर आहे की नाही, हे फ्रिक्वेन्सीवरून कळते. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने अशी ठरलेली असून ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की फ्रिक्वेन्सी खाली येते, उलट झाले की वर जाते. फार घसरली तर यंत्रे स्वतःला वाचविण्यासाठी एकामागून एक बाजूला होतात आणि सगळाच अंधार होतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतात असेच घडले. ३१ तारखेला साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. त्यात पवनचक्क्यांचा दोष नव्हता. वाहिन्यांवर भार फार झाला होता आणि ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली जात होती. आपला पश्चिम विभाग त्या दिवशी तगून राहिला.

मोठ्या टर्बाइनचा आणखी एक उपयोग असतो. विहिरीवरील जुने डिझेल इंजिन आठवा. त्याचे जड फ्लायव्हील एकदा फिरू लागले की इंजिन एखादा ठोका चुकले तरी पंप थांबत नसे. थर्मल केंद्रातील कित्येक टन वजनाचा, मिनिटाला ३००० फेरे घेणारा रोटर हे साऱ्या जाळ्याचे फ्लायव्हील होय. धक्का बसला की पहिले काही सेकंद तो तोलून धरतो. आधुनिक पवनचक्की जाळ्याला इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून जोडलेली असल्याने असा तोल आपोआप देत नाही. तशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते.

२. वाऱ्याचा स्वभाव

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर ५५ किलोवॅटच्या लहान चक्क्यांचा पहिला प्रयोग १९८६ साली झाला. आज एकेक चक्की दोन-तीन मेगावॅटची व त्याहूनही मोठी येते. आकार वाढला, तरी वाऱ्याचा स्वभाव बदललेला नाही.

वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग निम्मा झाला तर वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. सेकंदाला तीन-चार मीटरच्या खाली चक्की फिरूनही वीज देत नाही, आणि वादळात वेग सुमारे २५ मीटरवर गेला की चक्की जपण्यासाठी बंदच करावी लागते. त्यामुळे एक मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण ताकदीने चालली असती तर ८७ लाख ६० हजार युनिट मिळाले असते. आपल्याकडे बावीस टक्के उत्पादन धरले, तर हाती १९ लाखांच्या आसपास युनिट येतात.

तेही वर्षभर सारखे नव्हेत. मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नेमके याच दिवसांत पाऊस असल्याने आपल्या मोटारी बंद असतात आणि मागणी कमी असते. माल बाजारात भरपूर आणि गिऱ्हाईक कमी, अशी ही गत आहे.

३. स्वस्त युनिट आणि स्वस्त वीज

आता मुख्य हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, एका भागाला १०० युनिट वीज लागते. थर्मल केंद्राचा खर्च दोन प्रकारचा असतो. कर्जाचे हप्ते, पगार व देखभाल मिळून स्थिर खर्च २०० रुपये. हा केंद्र चालो वा न चालो, द्यावाच लागतो. आपला ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला म्हणून बँकेचा हप्ता चुकत नाही, तसेच हे. दुसरा कोळशाचा खर्च युनिटला ३ रुपये.

(अ) सर्व वीज थर्मलची घेतली तर : स्थिर २०० + कोळसा ३०० = ५०० रुपये. सरासरी ५ रुपये.

(आ) ३० युनिट वाऱ्याचे, ३ रुपये दराने घेतले तर : वारा ९० + स्थिर २०० + ७० युनिटांचा कोळसा २१० = ५०० रुपये. सरासरी पुन्हा ५ रुपयेच.

(इ) वाऱ्याचा दर अडीच रुपये असेल तर : ७५ + २०० + २१० = ४८५ रुपये. सरासरी ४ रुपये ८५ पैसे.

(ई) वाऱ्याचा दर साडेपाच रुपये असेल तर : १६५ + २०० + २१० = ५७५ रुपये. सरासरी ५ रुपये ७५ पैसे.

येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, पाच रुपयांच्या विजेऐवजी तीन रुपयांची वीज घेतली, तरी (आ)मध्ये एक पैसाही वाचला नाही. कारण वारा पडतो त्या तासांसाठी थर्मल केंद्र उभे ठेवावेच लागते, त्याचा स्थिर खर्च सुटत नाही. वाऱ्यामुळे वाचतो तो कोळसा. म्हणून वाऱ्याच्या युनिटची तुलना थर्मलच्या पूर्ण दराशी न करता वाचलेल्या कोळशाशी करावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी यातच आले.

या हिशेबात दोन भर घालावयाच्या आहेत. एक वाऱ्याच्या विरुद्ध. केंद्र अर्ध्या ताकदीवर चालविले की प्रत्येक युनिटमागे कोळसा थोडा जास्त जळतो. तो ३ रुपयांवरून ३ रुपये १० पैसे झाला, तर (इ)मधील १५ रुपयांची बचत ८ रुपयांवर येते. शिवाय थर्मल केंद्र हवे तेवढे खाली आणता येत नाही. २०२३ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ते ५५ टक्क्यांपर्यंत उतरविण्याची तयारी ठेवावी लागते, आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत जावयाचे आहे.

दुसरी भर वाऱ्याच्या बाजूने. कोळशाचा आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च वाढत जातो, पण वाऱ्याचा दर कराराने वर्षानुवर्षे बांधलेला असतो. कोळसा ४ रुपयांवर गेला तर (अ) ६०० रुपयांवर जाईल, पण (आ) ५७० वर थांबेल. म्हणजे वारा हा कोळशाच्या भाववाढीवरचा विमा होय.

दर किती हलतात तेही पाहावे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पातळीवर पवनविजेचा पहिला लिलाव झाला, त्यात युनिटला ३ रुपये ४६ पैसे दर निघाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैशांवर आला. नंतरच्या वर्षांत दर पुन्हा तीन रुपयांच्या वर गेले. कोणत्या वर्षीचा करार, यावर नफा की तोटा हे बरेचसे ठरते.

४. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा धडा

भरवशाच्या बाजूने काय बिघडू शकते, याचे चांगले तपासले गेलेले उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील साऊथ ऑस्ट्रेलिया हे राज्य. तेथे मे २०१६ मध्ये कोळशाचे शेवटचे केंद्र बंद झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, २८ सप्टेंबर २०१६ रोजी दुपारी चारच्या सुमारास मोठे वादळ झाले. त्या वेळी राज्याची मागणी १८०० मेगावॅटच्या थोडी वर होती. त्यातील निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्याची, सुमारे ६०० मेगावॅट शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणारी आणि उरलेली गॅसची होती.

वादळाने वाहिन्यांचे मनोरे पाडले. दीड-दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली गेले. पवनचक्क्यांना असे झटके ठराविक वेळाच सोसावयाचे, त्यानंतर मागे हटावयाचे, अशी मांडणी त्यांच्या यंत्रणेत केलेली होती. ती मर्यादा किती आहे हे जाळे चालविणाऱ्यांना माहीत नव्हते. मर्यादा संपताच काही सेकंदांत नऊ पवनकेंद्रांची मिळून ४५६ मेगावॅट वीज कमी झाली. ती सारी ओढ शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या मुख्य वाहिनीवर आली, ती सोसेना म्हणून तीही सुटली, आणि फ्रिक्वेन्सी इतक्या झपाट्याने कोसळली की आपोआप होणाऱ्या भारनियमनाला वेळच मिळाला नाही. साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली.

या प्रसंगाचे दोन्ही बाजूंनी राजकारण झाले. "पवनचक्क्यांनी अंधार केला" असे काही म्हणाले, "वादळाने केला" असे काहींचे म्हणणे पडले. चौकशीत दिसले ते एवढेच, की वारा पडला नव्हता. एक बारीकशी मांडणी कोणी तपासली नव्हती, आधाराची मुख्य वाहिनी एकच होती आणि फ्लायव्हीलचे काम करणारी जड यंत्रे थोडी होती.

पुढे त्या राज्याने काय केले ते महत्त्वाचे आहे. चक्क्यांची मांडणी बदलून घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅटची, १२९ मेगावॅट-तास साठ्याची बॅटरी चालू केली. २०२१ मध्ये चार मोठे सिंक्रोनस कंडेन्सर बसविले; ही यंत्रे वीज तयार करीत नाहीत, पण जड रोटर फिरता ठेवून जाळ्याला तोल देतात. त्यामुळे निव्वळ तोलासाठी महागडी गॅसची केंद्रे चालू ठेवण्याची गरज कमी झाली. आज त्या राज्याच्या वर्षाच्या विजेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास वीज वारा आणि सूर्य यांपासून मिळते. धडा असा की, भरवसा मिळू शकतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

५. भरवसा कशाकशाने मिळतो?

सर्व अडचणींवर एकच औषध नाही. वेळेप्रमाणे उपाय बदलतो.

(१) सेकंदांसाठी : जड फिरती यंत्रे आणि बॅटरी. हॉर्न्सडेलची बॅटरी पूर्ण ताकदीने सव्वा तासाच्या थोडी वर पुरत असे, हे वरच्या आकड्यांवरून कोणीही काढू शकेल. झटका झेलण्यास ती उत्तम, पण आठवडाभर वारा पडला तर तिचा उपयोग नाही.

(२) मिनिटे व तासांसाठी : जलविद्युत. आपल्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट असून ती काही मिनिटांत चालू-बंद करता येते. वारा वाहतो तेव्हा पाणी राखावे, पडला की सोडावे. पण कोयनेचे पश्चिमेकडे सोडावयाचे पाणी लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी असे बांधून दिले आहे. म्हणून त्यातील प्रत्येक युनिट जपून, महागाच्या वेळीच वापरण्याचे असते. घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प जादा विजेने पाणी वर चढवितो आणि टंचाईच्या वेळी खाली सोडतो. विजेचे यार्ड म्हणतात ते हेच.

(३) दिवसांसाठी : दूरच्या प्रदेशांशी जोडणी. एका पठारावर वारा पडला तरी दुसऱ्या राज्यात तो असू शकतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर वाहिनी चालू होऊन दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्याशी जोडले गेले, त्याचा हा मोठा लाभ आहे.

(४) अंदाज : हा सर्वांत स्वस्त उपाय होय. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज येईल हे पवनकेंद्रांनी आधी कळवावयाचे, आणि अंदाज १५ टक्क्यांपेक्षा जास्त चुकल्यास आकार भरावयाचा, असे राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ च्या विनियमांत ठरवून दिले. शेतकी खाते तोडणीचा कार्यक्रम आधी लावते, त्यातलाच हा प्रकार.

(५) हंगामासाठी : कोळशाचा साठा, धरणाचे पाणी, आणि आपला बगॅस.

६. वारा आणि ऊस

वाऱ्याचा हंगाम जून ते सप्टेंबर. गाळपाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. वारा पडलेला असतो तेव्हा आपले बॉयलर पेटलेले असतात. महाराष्ट्रात बगॅसवरील सहवीजनिर्मितीची क्षमता अडीच हजार मेगावॅटहून अधिक आहे. ती रात्रंदिवस चालते, म्हणजे सूर्य मावळल्यावर संध्याकाळच्या ओढीच्या वेळीही चालू असते, आणि तिचा टर्बाइन जाळ्याला तोलही देतो. तेव्हा को-जनच्या युनिटची तुलना कोणी वाऱ्याच्या किंवा भर दुपारच्या सौर युनिटशी नुसत्या दराने करू लागला, तर ती तुलना अपुरी आहे, असे आपण ठामपणे सांगू शकतो.

पण हा युक्तिवाद आपल्यावरही उलटतो. भरवशाचा दर मागावयाचा तर भरवसा दिला पाहिजे. तोडणीचा कार्यक्रम मोडला, 'नो केन' झाले, बगॅस ओला राहिला किंवा हंगाम मध्येच आटोपला, की आपली वीजही वाऱ्यासारखीच बेभरवशाची होते. क्रमपाळीप्रमाणे ऊस तोडणे हे साखरउताऱ्यासाठी जसे महत्त्वाचे, तसेच विजेच्या व्यवहारातही आहे.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ्याची मागणी चढलेली असते, वारा अजून सुटलेला नसतो आणि धरणे उतरलेली असतात. त्या दिवसांत शिल्लक बगॅसवर केलेले युनिट जाळ्याच्या दृष्टीने जुलैमधल्या युनिटपेक्षा कितीतरी मोलाचे असते. वर्षभर सरसकट एकच दर मिळत असेल तर हे मोल कारखान्याच्या पदरात पडत नाही. वेळेप्रमाणे दर मिळावा, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते.

७. किती भरवसा, आणि कोणाच्या खर्चाने?

गाळप एक मिनिटही थांबू नये म्हणून कारखान्याने दुप्पट टोळ्यांना उचल दिली, तर मिल थांबणार नाही, पण उचलीच्या ओझ्याखाली कारखाना बसेल. विजेचेही तसेच आहे. शंभर टक्के खात्री कोणालाच परवडत नाही. निर्मिती कमी पडण्याची शक्यता वर्षाच्या ०.२ टक्के वेळेपुरती राहील, असे माप देशाच्या वीज नियोजनात धरले आहे. म्हणजे वर्षातले साडेसतरा तास.

हे वाचून सभासद हसतील, कारण आपल्या मोटारीची फेज यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेलेली असते. त्याचे कारण निर्मिती नसून बहुतेक वेळा जळालेली डीपी, लोंबकळणाऱ्या तारा आणि भार न पेलणारी वाहिनी हे असते. तेथे पवनचक्कीला किंवा थर्मलला दोष देऊन भागणार नाही.

आणि एक किंमत अशी आहे जी कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते. जाळ्याच्या तोंडमिळवणीसाठी सर्वांत सहज इकडून तिकडे सरकविता येणारा भार म्हणून शेतीपंपांकडे पाहिले जाते. त्यामुळे वर्षानुवर्षे पाळीने रात्रीची वीज आपल्या वाट्याला आली. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात उसाला पाणी देताना साप आणि बिबट्या यांच्या भीतीत उभा असलेला शेतकरी हासुद्धा जाळ्याचा तोल सांभाळीत असतो. फक्त त्याची मजुरी कोणी धरीत नाही. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने दिवसा वीज देण्याची दिशा धरली आहे. दिवसा ऊन, पावसाळ्यात वारा, हिवाळ्यात बगॅस आणि अडीअडचणीला कोयना, अशी जोड जमली तर भार रात्रीकडे ढकलण्याचे कारण कमी होत जाईल.

ध्यानात ठेवावयाचे मुद्दे

१. वाऱ्याची वीज कोळसा वाचविते. उभ्या केंद्राचा स्थिर खर्च सहसा वाचवीत नाही.
२. स्वस्त युनिट आणि स्वस्त वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
३. सेकंद, तास, दिवस आणि हंगाम यांसाठी भरवशाची साधने वेगवेगळी लागतात.
४. को-जनची ताकद तिच्या वेळेत आहे. ती ताकद आपल्या तोडणीच्या शिस्तीवर उभी आहे.

स्वाध्याय : तिसऱ्या भागातील हिशेबात कोळसा साडेतीन रुपये आणि वारा ३ रुपये धरून (अ) व (आ) पुन्हा मांडावे. उत्तर अनुक्रमे ५५० व ५३५ रुपये आले, तर विषय समजला असे मानावयास हरकत नाही. घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनाही हा हिशेब घालावा, आणि सर्वसाधारण सभेत विजेचा विषय निघेल तेव्हा तो हाताशी ठेवून बोलावे.